हौदातली मरळ

डोहाळे कुणाला कशाचे लागावेत यावर अजून तरी सरकारचं नियंत्रण नाही. असतं तरी आमच्या घराण्याला फरक पडला नसता, कारण आमच्याकडच्या बायकांनी आजवर नियमात बसतील असेच डोहाळे मागितले. माझ्या आईला कैरी आठवली. पद्मजाला, म्हणजे माझ्या बायकोला, कवठाची चटणी. एका मावशीनं भाजलेल्या मातीचा खडा मागितला होता, ती आमच्या इतिहासातली सगळ्यात बंडखोर मागणी. आणि परवा आमची वैदेही, बाळंतपणासाठी माहेरी आलेली एकुलती एक लेक, वरणभात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, मला मासे खावेसे वाटतायत."

पद्मजा तेव्हा तूप वाढत होती. ते भातावर न पडता माझ्या मनगटावर पडलं. चांगलंच गरम होतं, पण तो प्रसंग ओरडण्याचा नव्हता.

"कसले मासे?" मी विचारलं. प्रश्न तसा निरर्थक. पण पाटबंधारे खात्यात कारकुनी करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे कसलीही मागणी आली की आधी तपशील मागवायचा ही खोड. आयुष्यभर धरणाचं पाणी कागदावर चढवलं आणि उतरवलं, त्यात पोहतं काय हे बघायची वेळ कधी आली नव्हती.

"रश्श्यातले," वैदेही म्हणाली. "आणि झिंगे पण."

आता इथं सांगायला हवं की वैदेहीचं सासर बिडकीनचं. माणसं शेतीवाडीवाली, मोकळी. लग्नानंतर ती तिकडं मासे खायला लागली हे आम्हाला ठाऊक होतं, फक्त ते ठाऊक आहे हे आम्ही एकमेकांना कधी कळू दिलं नव्हतं. जावई विश्वजीत इंजिनिअर. त्याला कंपनीनं नेमकं याच वेळी ट्रेनिंगसाठी चेन्नईला धाडलेलं. हॉटेलात न्यावं, तर मागच्या पंधरवड्यात बाहेरच्या पाणीपुरीनं वैदेहीचं पोट असं बिघडलं की डॉक्टरांनी बाहेरच्या खाण्याचं नावच काढू नका म्हणून बजावलेलं.

"मग मी बिडकीनला फोन करते," वैदेही म्हणाली. "आत्याबाई करून पाठवतील."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, सारजाबाई. बाई मायेची, पण माझ्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं चित्र उभं राहिलं. पोरगी माहेरी आणि तिचे डोहाळे सासरहून डब्यात भरून येणार! बिडकीनच्या पारावर लोक म्हणणार, इवायाला, म्हणजे व्याह्याला, पोरीची एक हौस पुरवता आली नाही. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "काही गरज नाही. मी आणतो."

पद्मजानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी चंद्रावर जाऊन भाजी आणतो म्हणालो होतो.

"आणा," ती म्हणाली. "पण माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत काही यायचं नाही. ते नाही आणि त्याला हात लावलेले तुम्हीही नाही." एवढं बोलून ती ताट घेऊन आत गेली. मग आतूनच आवाज आला, "आणि ताजे आणा. पोरीच्या पोटात जाणारेत."

मी आधी डॉक्टर विशाखाबाईंना विचारायला गेलो. त्यांनी नीट सांगितलं. मासे चालतील, चांगलेच. खोल समुद्रातले मोठाले शिकारी मासे टाळा, त्यांच्या अंगात पारा साठतो. आपल्याकडचे गोड्या पाण्यातले द्या, ताजे आणि पूर्ण शिजवलेले. झिंग्याचं तेच, मात्र पूर्वी कधी त्यानं अंगावर गांधी उठल्या नसल्या पाहिजेत. मासे खाऊन दूध प्यायलं तर कोड फुटतं का, हे पद्मजानं विचारायला सांगितलं होतं. तर म्हणाल्या, त्याला काही आधार नाही. एवढ्यावर मी उठायला हरकत नव्हती, पण शंका एकदा सुरू झाल्या की माझं थांबणं माझ्या हातात राहत नाही. झिंगा हा मासा आहे का? असल्यास त्याला पाय का? मासे झोपतात का? विशाखाबाई शांतपणे म्हणाल्या, "व्यंकटराव, पोटातल्या बाळाबद्दल काही विचारायचंय?" आणि त्यांनी घंटी दाबली.

राहिलेल्या शंका मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्रणयकडं नेल्या. हा बँकेत नोकरी करतो आणि घरी काचेच्या पेटीत मासे पाळतो. पुंडलिकनगरच्या आमच्या इमारतीत माशांबद्दल अधिकारवाणीनं बोलणारा तो एकटाच. त्यानं मला पेटीपुढं बसवलं. झिंगा मासा नव्हेच, तो खेकड्याचा भाऊबंद. त्याचं हृदय डोक्याच्या भागात असतं. (आमच्या साहेबांचं दोन्ही ठिकाणी नव्हतं, असं मला उगीच आठवलं.) मासे झोपतात, पण त्यांना पापण्या नसल्यानं डोळे उघडेच. हे मला पटलं. दुपारच्या जेवणानंतर आमचं अख्खं ऑफिस याच पद्धतीनं झोपायचं.

"आणि काका, त्यांना दुखतं बरं का," प्रणय पेटीच्या काचेवर बोट टेकवून म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे वेदना. बऱ्याच शास्त्रज्ञांचं तसं मत आहे."

मी खाली आलो तो जड पायांनी. खायची माहिती डॉक्टरांकडून आणि जीवाची माहिती प्रणयकडून, अशी दोन टोकं माझ्या एकाच डोक्यात एकाच दिवशी यायला नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोनं औरंगपुरा गाठला आणि पुढं विचारत विचारत निघालो. मासळी कुठं मिळते हे विचारताना आवाज इतका खाली जायचा की समोरच्याला तो "पासोडी" ऐकू यायचा. एकानं मला चादरीच्या दुकानात नेऊन सोडलं. शेवटी एक ऑटोवालाच दया येऊन म्हणाला, "चचा, मच्छी होना ना? शरमाते कायकू? वो गल्ली में जाव सीधे."

तिथं गोजरबाई नावाच्या बाईपुढं एक मोठं घमेलं होतं आणि त्यात काळपट, लांबट, सापाच्या तोंडाचे मासे वळवळत होते. मी इंटरनेटवर वाचून गेलो होतो की ताज्या माशाचे डोळे चकचकीत असतात आणि कल्ले लाल असतात. मी वाकून एकाच्या डोळ्यांत पाहिलं. त्यानंही माझ्याकडं पाहिलं.

"ताजा आहे का?" मी विचारलं.

गोजरबाईनं घमेल्यावर एक चापट मारली. घमेल्यातलं पाणी माझ्या चष्म्यावर उडालं.

"जित्ती मरळ हाय काका. याहून ताजी कुठून आणू? पोटुशी बाईसाठी नेताय ना? मग हीच न्या." तिला हे कसं कळलं कोण जाणे. बहुधा माझ्या वयाचा, माझ्या चेहऱ्याचा माणूस दुसऱ्या कुठल्याच कारणासाठी त्या गल्लीत येत नसावा. तिनं एक तगडी मरळ काढली, पावशेर झिंगे तोलले आणि विळा ओढत विचारलं, "कापून देते. रस्सा का फ्राय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आमचे गुरुजी दिसले. सत्यनारायणापासून वैदेहीच्या लग्नापर्यंत सगळं ज्यांच्या हातून झालं ते गुरुजी, हातात कापडी पिशवी घेऊन सरळ माझ्याकडंच येत होते. मी गोजरबाईपुढं पैसे टाकले, तिच्या हातातून मरळ हिसकावली, झिंग्यांच्या पुडीसकट पिशवीत कोंबली आणि वळलो. पण गल्ली अरुंद.

"व्यंकटराव! इकडं कुठं?"

"शॉर्टकट," मी म्हणालो. माझी पिशवी हलत होती.

"अस्सं. मीही," गुरुजी म्हणाले. त्यांची पिशवी रिकामी होती, पण घरून आणलेली आणि आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली. आम्ही दोघांनीही एकमेकांच्या पिशवीकडं न पाहण्याचा जो प्रयत्न केला, तो कुठल्याही योगासनापेक्षा अवघड होता. नमस्कार करून मी निघालो. मरळ न कापताच आणली हे ऑटो क्रांती चौकात आल्यावर लक्षात आलं, तेही तिनं मांडीवर शेपटी हाणली म्हणून.

घरी दार उघडताच पद्मजानं पिशवी पाहिली. पिशवीनं एक गिरकी घेतली.

"अहो, हे जिवंत आहे!"

"तू ताजं म्हणालीस."

"ताजं म्हणाले, श्वास घेणारं म्हणाले नव्हते!"

नळाला बरेच दिवस पाणी नव्हतं, आज दुपारी यायचं होतं. घरात पाण्याचा एकेक तांब्या पद्मजाच्या हिशेबात असायचा. तरी तिनंच एक बादली अर्धी भरून गॅलरीत ठेवली. म्हणाली, "निदान तोवर तडफडायला नको त्याला." मी मरळ बादलीत सोडली. मासा एकदा गोल फिरला, वर आला, तोंड बाहेर काढून हवा घेतली आणि तळाशी गेला. पद्मजा बघत राहिली. पदर नाकाला लावलेला, पण बघत राहिली.

वैदेही मागून आली, तिनं बादलीत डोकावलं आणि तिच्या तोंडाला खरंच पाणी सुटलं. "बाबा, कापा ना लवकर."

पुढचा तासभर आमच्या घरात कापणार कोण, या विषयावर जी चर्चा झाली तिचा निष्कर्ष असा, की कोणी नाही. मी विळी हातात घेऊन गॅलरीत दोनदा गेलो आणि दोनदा कुंडीतली वाळलेली पानं कापून परत आलो. प्रणयला बोलावलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही मला तुमची गाय कापायला सांगाल का?" मी म्हणालो, माझ्याकडं गाय नाही. तो म्हणाला, मुद्दा तो नाही. जाताना मात्र सांगून गेला, "मरळ उड्या मारते हं. बादलीवर झाकण ठेवा." काचेच्या पेटीत बोटभर मासे पाळणाऱ्या माणसाची ही अतिकाळजी आहे, असं मी मनात म्हटलं.

तोवर झिंगे तरी करू, असं ठरलं. प्रणयची विजेची शेगडी गॅलरीत मांडली आणि विश्वजीतला चेन्नईला व्हिडिओ कॉल लावला. सासऱ्यानं जावयाकडून झिंगा सोलायचे धडे घ्यावेत, हा प्रसंग मी माझ्या वैऱ्यावरही आणू इच्छित नाही. "बाबा, आधी डोकं काढा," विश्वजीत म्हणाला. मी टोपी काढली. त्याला हसू आवरेना. मग झिंग्याचं डोकं काढलं, सालं काढली, पाठीला चीर देऊन तो काळा दोरा ओढून काढला. तो दोरा म्हणजे त्याचं आतडं असतं, हे तो दोरा माझ्या बोटाला गुंडाळला गेल्यावर त्यानं सांगितलं. कांदा, लसूण, तिखट, सगळं त्याच्या सांगण्याप्रमाणं घातलं. "बाबा, झिंगे लगेच होतात, रंग बदलला की उतरवा," एवढं बोलला आणि त्याचा फोन कट झाला. डॉक्टरांनी पूर्ण शिजवा म्हटलेलं माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं. मी ते असे शिजवले, की पोटात काही जंतू असलेच तर त्यांच्या सात पिढ्यांनी आमच्या इमारतीचं नाव घेऊ नये.

वैदेहीनं पहिला झिंगा तोंडात टाकला. चावला. बराच वेळ चावला. "छान झालेत बाबा," ती म्हणाली आणि परत चावायला लागली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, ते तिखटाचं की जबड्याचं, सांगता येणार नाही. मी एक चिवट तुकडा गल्लीतल्या मांजरीपुढं टाकला. तिनं तो हुंगला, पंजानं उलटवला आणि ती निघून गेली. माणसानं केलेला अपमान पचवता येतो. मांजरानं केलेला नाही.

खालून हाक आली. तळमजल्यावरच्या मनकर्णाबाई. आमच्या इमारतीला अध्यक्ष नाही, कारण मनकर्णाबाई आहेत. खालच्या हौदाचं झाकण त्यांच्या दारापुढं, त्यामुळे पाणी कधी आलं, कुणी किती ओढलं, हे सगळं त्यांच्या नजरेखालून जातं.

"व्यंकटराव, वास कसला येतोय?"

"हिंग करपला," मी वरून म्हणालो.

"हिंग नाय तो, झिंगा हाय. मला काय शिकवता? मी खाते की. पण असा जाळून नाय खात." मग त्या पुढं म्हणाल्या, "आन नळ आलेत. हौद भरतोय. बादल्या भरून घ्या."

गॅलरीत पद्मजा बादलीपाशी उकिडवी बसली होती. "अहो, सारखा वर येऊन तोंड उघडतोय. गुदमरतोय बिचारा. ताजं पाणी घाला की त्याला." मरळ हवेतूनच श्वास घेते, त्यासाठीच ती वर येते, हे प्रणयनं मला सांगितलं होतं. पण मी पद्मजाला ते सांगितलं नाही. ज्या बाईनं माशाला स्वयंपाकघराचा उंबरा बंद केला होता, तिचा तो चेहरा पाहून मला वाद घालवेना. मी बादली घेऊन खाली गेलो.

हौदाचं झाकण उघडं होतं, पाणी काठाशी आलं होतं. मी बादली हौदाच्या कडेवर टेकवली आणि मगानं ताजं पाणी घालायला वाकलो. मरळीनं पाण्याचा तो आवाज ऐकला असेल, किंवा तिला नाथसागराचं धरण आठवलं असेल. मला फक्त डोळ्यांपुढून एक काळी रेघ गेलेली दिसली. मग डुबुक.

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या.

"काय पडलं?"

"मग," मी म्हणालो. मग माझ्या हातात होता.

पाऊण इमारत हौदाभोवती जमली. प्रश्न बिकट होता. हौद नुकता भरलेला, पुढचं पाणी केव्हा येणार ते देवाला ठाऊक, त्यामुळे हौद उपसायचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. प्रणय म्हणाला, "विहिरीत मासे असतातच की, आपण पितोच ना?" मनकर्णाबाई कडाडल्या, "विहीर विहीर हाय आन हौद हौद हाय! मासा ताटात असला तर मी दोन भाकरी जास्त खाईन. पण माझ्या प्यायच्या पाण्यात नाय!"

मी अग्निशमन दलाला फोन लावला. पतंगाच्या मांज्यात अडकलेले पक्षी, विहिरीत पडलेली वासरं ते सोडवतात असं वाचलं होतं.

"साहेब, आमच्या हौदात मासा पडलाय."

पलीकडून आवाज आला, "मासा?"

"हो. पाण्यात पडलाय."

"मग काका, अजून कुठं पडायला पाहिजे होता?"

माणूस सभ्य होता, त्यानं मला फोन ठेवू दिला.

शेवटी ठरलं की ज्यानं टाकला त्यानं काढावा. मनकर्णाबाईंची अट अशी, की सगळ्यांच्या पाण्यात उतरायचं तर शुद्ध होऊन. मी साबणानं आंघोळ केली आणि पूजेचं सोवळं नेसलो, कारण घरातलं त्याहून स्वच्छ वस्त्र दुसरं नव्हतं. पद्मजानं येणाऱ्या बाळासाठी आणलेली छोटी मच्छरदाणी हातात दिली. असा मी, रेशमी सोवळं नेसून, हातात मच्छरदाणी घेऊन, छातीभर थंड पाण्यात उतरलो. अंधारात मरळ कुठं दिसेना. ती मात्र मला बघत असावी, कारण मी डावीकडं गेलो की उजव्या पोटरीला काहीतरी गुळगुळीत घासून जायचं.

याच वेळी फाटकात गाडी थांबली आणि ओळखीचा आवाज आला, "इवाई हायेत का घरी?"

विश्वजीतनं फोन कट झाल्यावर आईला सगळं सांगितलं होतं. त्यामुळे व्याही पुंजाराम आणि विहीणबाई सारजाबाई बिडकीनहून तडक निघून आले होते. पुंजाराम हौदाच्या तोंडाशी वाकले. माझं मुंडकं खाली.

"इवाई? हे काय, जलसमाधी का काय?"

"मासा पकडतोय," मी शक्य तितक्या रुबाबात म्हणालो.

"सोवळ्यात?"

या प्रश्नाला रुबाबदार उत्तर नसतं. सारजाबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या हातातली पिशवी सावरत वर वैदेहीकडं गेल्या. पुंजाराम मात्र शर्ट काढायला लागले. "सरका. नाथसागराच्या पाण्यावर वाढलेला गडी हाय मी. असली मरळ डोळे झाकून धरतो." मनकर्णाबाईंनी त्यांच्याही अंगावर तांब्यानं पाणी ओतून त्यांना शुद्ध केलं, आणि व्याही हौदात आले.

पुंजाराम भारी आवेशानं बुडी मारायचे आणि हातात माझा पाय धरून वर यायचे. दोनदा धरल्यावर मी त्यांना तो माझा असल्याचं सांगितलं. थोड्या वेळानं ते भिंतीला टेकून धापा टाकायला लागले आणि हळूच म्हणाले, "इवाई, खरं सांगू का? कुणाला बोलू नका. मासा म्या ताटातच पाहिलाय. धरायचं काम कधी केलं नाय."

"मी ताटातही पाहिलेला नाही," मी म्हणालो.

मग मीही त्यांच्या शेजारी भिंतीला टेकलो. पाणी थंडगार होतं. पुंजाराम म्हणाले, "सूनबाईनं आम्हाला का नाय सांगितलं?"

"मी नको म्हणालो. पोरगी माहेरी असताना तुमच्याकडं मागायचं, बरं दिसेना."

ते खो खो हसले. हौदात तो आवाज असा घुमला की वरून मनकर्णाबाई ओरडल्या, "सापडला का?"

"नाय!" पुंजाराम ओरडले आणि मला म्हणाले, "व्हय, म्याबी तेच केलं असतं. सूनबाई आमच्या घरी असती आन तिनं तुमच्याकडचं पुरण मागितलं असतं, तर म्या बायकोला पुरण वाटायला बसवलं असतं. जळालं असतं, पण फोन नसता केला."

एवढ्यात वरून बॅटरीचा झोत आला. डासांच्या अळ्या तपासायला आलेल्या आरोग्याच्या ताई होत्या. झोत माझ्या सोवळ्यावरून पुंजारामांच्या मिशांवर गेला आणि तिथंच थांबला.

"हे कोण?"

"माझे व्याही," मी म्हणालो.

"काका, हौदात गप्पी मासे सोडायचे असतात," ताई म्हणाल्या. "व्याही नाही."

त्यांच्या कागदावर अळ्या आहेत किंवा नाहीत, एवढंच विचारलं होतं. त्यांनी "नाहीत"वर खूण केली, आमच्याकडं आणखी एकदा पाहिलं आणि पुढच्या इमारतीत गेल्या. मला वाटतं, चालता चालता त्या हसत होत्या.

मनकर्णाबाईंचा धीर सुटला. "तुमचं चालू द्या. मला चहाला पाणी पाहिजे," असं म्हणून त्यांनी दोरीला बांधलेली बादली आमच्या दोघांच्या मधून हौदात सोडली, बुडवली आणि वर ओढली. ओढता ओढता म्हणाल्या, "आज जड का लागतीय?" आणि पुढच्याच क्षणी अशी किंकाळी आली, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात धावले.

मरळ बादलीत होती.

आम्ही दोघं वर आलो तेव्हा मनकर्णाबाई बादलीवर सुपडं झाकून त्यावर हात ठेवून बसल्या होत्या. चेहऱ्यावर भीती नव्हती, भलताच अभिमान होता. "दोन गडी हौदात नाचत होते," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आन माझ्याकडं आपणहून चालत आला." प्रणय म्हणाला, माशाला पाय नसतात. त्यांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

पुंजाराम मिशा पिळत म्हणाले, "आणा विळा. आता म्या कापतो."

"खबरदार!" मनकर्णाबाईंनी बादली कवटाळली. "माझ्या बादलीत आलेल्याला हात लावायचा नाय. बाजारात दुसरे लई हायेत."

बराच वाद झाला. शेवटी ठरलं, की मरळ बिडकीनला पुंजारामांच्या शेततळ्यात सोडायची. मनकर्णाबाईंनी तिला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं वचन घेतलं. मी मात्र मनात हिशेब मांडत होतो. दिवसभर एवढं करून लेकीच्या पोटात काय गेलं? रबरासारखे झिंगे. मी ओल्या सोवळ्यानंच जिना चढलो. प्रत्येक पायरीवर पाणी सांडत होतं आणि कुणाला काय सांगायचं, ते जुळवत होतो.

दार उघडंच होतं. घरात एक अनोळखी, खमंग वास भरला होता. सारजाबाईंनी बिडकीनहून येताना घरचा रस्सा भरून आणला होता. तो आता आमच्या गॅसवर उकळत होता. आमच्या स्वयंपाकघरात. उंबऱ्याच्या आत. सारजाबाई ओट्याशी उभ्या होत्या, आणि वैदेही पाटावर बसून जेवत होती. डोळे मिटून, बोटं चाटत, लहानपणी आमरस खायची तशी.

तिच्या शेजारी पद्मजा बसली होती. पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या टोकावर. तिच्या पुढ्यात एक ताटली होती आणि ताटलीत माशाचा तुकडा. ती तो बोटांनी उकलून त्यातला काटान् काटा शोधत होती, बाजूला ठेवत होती आणि साफ झालेला घास वैदेहीच्या ताटात सरकवत होती. "हळू गं," ती म्हणत होती. "अजून एक दिसतोय. थांब."

सारजाबाई मला हळूच म्हणाल्या, "म्या म्हणलं म्या काढते काटे. ऐकंनात. म्हणल्या, तुम्हाला सवय हाय, तुम्ही घाई कराल."

मी उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिलो. पद्मजानं मान वर केली, माझं निथळणारं सोवळं पाहिलं आणि विचारलं,

"सापडला का हो तो?"

"सापडला. खाली बादलीत आहे. तळ्यात सोडणार आहेत."

"सकाळपासून उपाशी असेल," ती म्हणाली. "काय खातो तो?"

मी थोडा घुटमळलो. प्रणयनं हेही सांगितलं होतं.

"मासेच खातो," मी म्हणालो.

पद्मजानं हातातल्या तुकड्याकडं पाहिलं. मग त्यातला एक बरासा भाग वाटीत काढला, नळाखाली धरून त्याचा तिखट रस्सा धुतला आणि उंबऱ्यापलीकडून वाटी माझ्या हातात दिली.

"न्या त्याला," ती म्हणाली. "काटे काढलेत म्हणावं."